गावच्या थांब्याचा इतिहास

रस्ता गावाजवळून जातो एवढ्याने तो गावाचा होत नाही, हे महाराष्ट्राच्या दळणवळणाच्या इतिहासातील एक साधे परंतु उपेक्षित सत्य होय. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढे इलाख्यात सडकांचे व रुळांचे जाळे विणले गेले. परंतु या सर्व खटाटोपामागे पलटणीची हालचाल, सरकारी टपाल आणि बंदराकडे जाणारा कापूस यांचीच चिंता प्रामुख्याने होती. ज्यांच्या शेतांच्या बांधांवरून ही सडक गेली त्यांना तिचा उपयोग स्वतःच्या बैलगाडीपुरता किंवा स्वतःच्या पायांपुरताच राहिला.

वाटसरूंची चिंता वाहण्याची परंपरा आपल्या मुलखात नव्हती असे मात्र नाही. वडाभोवती बांधलेला दगडी पार, उन्हाळ्यात पुण्यार्थ घातलेली पाणपोई आणि वाटेवरची धर्मशाळा या त्या परंपरेच्या खुणा होत. आणि देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी या लोकधर्माला राजधर्माची प्रतिष्ठा दिली. तथापि धर्मशाळा विसावा देई, वाहन देत नसे. वाहन आले ते पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात, खाजगी मालकांच्या सर्व्हिस मोटारींच्या रूपाने. मोटार भरली म्हणजे ती सुटावयाची, आणि ती भरण्यास किती अवधी लागेल हे कोणी सांगू शकत नसे. आडगावच्या माणसाने हात केला तरी गाडी थांबेल किंवा नाही हे मालकाच्या मर्जीवर आणि गाडीतील गर्दीवर अवलंबून असे, आणि न थांबल्यास दाद मागावी अशी कचेरी त्याला सहसा ठाऊक नसे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांचा बंदोबस्त अधिक कडक केला खरा. परंतु जेथे उतारू थोडे आणि रस्ता वाईट तेथे नफ्यावर चालणारी गाडी स्वेच्छेने जावी, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

मराठी मुलखाच्या एका भागात या प्रश्नाला वेगळे उत्तर आधीच शोधले गेले होते. मराठवाडा ज्या राज्यात मोडत होता त्या निजामाच्या राज्यात १९३२ पासून रेल्वे खात्यामार्फत सरकारी मोटारी धावू लागल्या होत्या. मुंबई प्रांतात तो दिवस उगवला १ जून १९४८ रोजी. त्या दिवशी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्यास निघालेल्या पहिल्या सरकारी गाडीचे तिकीट अडीच रुपये होते, लाकडी बांधणीच्या त्या गाडीचे वाहक होते लक्ष्मण केवटे, आणि सुपे, शिरूर, शिक्रापूर या मार्गावरील गावांना स्वराज्याचे हे वाहन प्रथमच दारावरून जाताना दिसले. स्वातंत्र्य मिळून तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते.

या सेवेचा खरा विशेष गाडीपेक्षा तिच्या शिस्तीत होता, आणि ती शिस्त मूर्त झाली थांब्यात. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेले भाडे. सहा किलोमीटरांचा एक टप्पा धरून आकारणी. लहान वस्तीसाठी विनंती थांबा, म्हणजे उतारू असेल तर गाडीने थांबावे अशी तजवीज. वाहकाने दोरी ओढून दिलेली एक घंटा म्हणजे थांबा, दोन घंटा म्हणजे चला. पत्र्याच्या पेटीतील रंगीत तिकिटांवर चिमट्याचा टक्क आवाज झाला की उतारूचा आणि सरकारचा करार पक्का होई. ज्याला आजवर हात जोडून गाडी थांबवावी लागत होती, तो आता केवळ हात दाखवून ती थांबवू लागला, आणि या एका फरकात प्रजेचा नागरिक होण्याच्या प्रक्रियेचा मोठा अंश सामावलेला आहे.

नवा थांबा मिळवण्याची रीतही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ग्रामपंचायतीने ठराव करावयाचा, आगारप्रमुखाकडे अर्ज द्यावयाचा, तेथून कागद विभाग नियंत्रकाच्या दप्तरी जावयाचे, जागेची पाहणी व्हावयाची आणि मग मंजुरी. ज्या वस्त्यांनी पूर्वी सारामाफीखेरीज अन्य कारणासाठी सरकारकडे कधी अर्ज केला नव्हता, त्यांनी एकत्र बसून सार्वजनिक सोयीसाठी केलेला पहिला रीतसर ठराव पुष्कळदा थांब्याचाच असे.

आणि एकदा थांबा मिळाला की त्याचे लाभ एकामागून एक प्रकट होत. माध्यमिक शाळा तालुक्याला, आणि तालुका चार कोसांवर. मुलगा पायी जाई, मुलीचे शिक्षण मात्र चौथीलाच संपे. थांबा झाला, सकाळची गाडी ठरली, गावच्या चार मुली एकत्र चढू लागल्या, आणि आईबापांचा धीर वाढला. पुढे ग्रामीण मुलींसाठी जी विनामूल्य पासाची योजना निघाली तिला अहिल्याबाई होळकरांचेच नाव दिले गेले, हे सर्वथा उचित झाले. बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोहोचू लागली; भाजीची पाटी दलालाच्या हाती न देता बाजाराच्या दिवशी बाईला स्वतः विकता येऊ लागली; वर्तमानपत्राचे गठ्ठे त्याच दिवशी गावात पडू लागले. शहरात शिकणाऱ्या मुलासाठी आईने भल्या पहाटे भाकरीचा डबा बांधून थांब्यावर वाहकाच्या हाती द्यावा, आणि तो दुपारपूर्वी मुलाला मिळावा, या व्यवहारावर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या शिकल्या. जेथे रात्रीची गाडी मुक्कामास राहू लागली तेथे तर पहाटेची पहिली गाडी गावाच्या दिनक्रमाचे घड्याळच बनली. कोकणात २६ जानेवारी १९९८ पर्यंत रेल्वेच पूर्ण झाली नव्हती. तेथे आगबोटी बंद पडल्यानंतर मुंबईचा चाकरमानी आणि त्याचे घर यांतील नाते या थांब्यांनीच टिकवले.

थांब्याभोवती हळूहळू वस्तीही जमते. प्रथम चहाची टपरी, मग सायकल दुरुस्तीचे दुकान, मग खतांचे गोदाम. असे करता करता कित्येक फाटे मूळ गावाहून अधिक गजबजले. ज्याला जमीन नव्हती त्यालाही तेथे चार पैसे मिळवण्याची मुभा मिळाली.

आज हा इतिहास आठवण्यास कारण आहे. २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना विनामूल्य प्रवास मिळाला, २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. परंतु सवलतीचे मोल गाडी थांबते तेथेच असते. रुंद झालेल्या महामार्गांवरील गाड्या उड्डाणपुलांवरून गावे मागे टाकून निघून जातात, आणि ज्या गावांनी रस्त्यासाठी जमिनी दिल्या त्यांचीच माणसे पुलाखाली ताटकळत राहतात. दोन शतकांपूर्वीच्या सडकेचा दोष नव्या रूपाने परत येऊ पाहत आहे. म्हणून रस्त्याची आखणी होते त्याच वेळी थांब्याची जागा, निवारा आणि तेथे पोहोचण्याची सुरक्षित वाट यांची आखणी झाली पाहिजे, आणि ग्रामसभेने हा विषय पुढाऱ्यांच्या भाषणांवर न सोडता आपल्या ठरावाने हाती घेतला पाहिजे. ज्यांच्या गावी नवा थांबा झाला आहे त्यांनी त्याचे वेळापत्रक भिंतीवर लावावे, गाडी न थांबल्यास लेखी तक्रार करावी, आणि गाडी येते तोवर तिनेच प्रवास करावा. कारण उतारू नाहीत या सबबीवर बंद झालेला थांबा पुन्हा मिळवणे नवा मिळवण्याहून कठीण असते.