चारपट नजर

दुर्बीण हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो फारसीतून आला आहे याची आठवणही राहत नाही. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. शिकार हा शब्दही फारसीच, आणि बंदूकही त्याच वाटेने आपल्याकडे आली. मराठीत हे तीन शब्द शेकडो वर्षं शेजारी नांदले, पण प्रत्यक्षात दुर्बीण बंदुकीवर चढून बसली ती फार उशिरा. ती बसली तेव्हा शिकाऱ्यापुढे एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहिला. जनावर किती जवळ आणून बघायचं? दुप्पट, चौपट, की दहापट? आज मी बोलणार आहे ते या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल. शिकारीचं मला कौतुक नाही हे आधीच सांगून टाकतो. मी नेहमी हातात धरतो अशी सर्वांत जड वस्तू म्हणजे मोल्सवर्थचा कोश.

आधी दुर्बिणीशिवाय नेम कसा धरत ते पाहू. रायफलच्या नळीच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. डोळ्याच्या बाजूला एक खाच असते. खाचेत माशी आणायची आणि माशीवर जनावर. म्हणजे डोळ्याने एकाच क्षणी तीन अंतरांवर पाहायचं: खाच दोन वितींवर, माशी त्याच्यापुढे हातभर आणि जनावर शंभर पावलांवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. तरुणपणी हे जमवून घेता येतं. चाळिशी लागली, म्हणजे वयही आणि चष्माही, की खाच पुसट होते आणि माशीला पिसं फुटल्यासारखी दिसतात.

नेम चुकला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. जनावर वाचलं, बरंच झालं. पण गोळी पुरती चुकली तर ते खरं. अर्धवट लागलेल्या गोळीची गोष्ट वेगळी असते. कुमाऊंमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलं. तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसांचे बळी नोंदलेले होते. मेल्यावर तिचा जबडा पाहिला, तर उजव्या बाजूचे सुळे तुटलेले. वरचा अर्धा गेला होता, खालचा पार मुळापर्यंत. ती जुन्या गोळीची जखम होती. सुळे गेल्यावर तिला नेहमीची शिकार साधेना आणि ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. ती गोळी कुणी झाडली हे कुणालाच माहीत नाही. तो कुणी संध्याकाळी घरी परतला असेल, जेवला असेल, निजला असेल. किंमत मोजली ती रानात गवत आणि लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायकांनी.

तेव्हा नेम नेमका लागावा ही गरज खरी होती. तिच्यावरचा पहिला उपाय अमेरिकेत निघाला. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विल्यम माल्कम याने १८५५ मध्ये रायफलवर बसवायच्या दुर्बिणी करायला सुरुवात केली. बंदुकीच्या नळीइतकी लांब आणि बोटभर जाड अशी ती नळी असे. यादवी युद्धात नेमबाजांनी अशा दुर्बिणी वापरल्या, नंतर गव्यासारख्या दिसणाऱ्या तिकडच्या बायसनांच्या शिकाऱ्यांनीही काही प्रमाणात वापरल्या. मैदानात उभा राहिलेला बायसन हलत नसे, म्हणून अरुंद नळीतूनही तो सापडे. पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी मोजदाद मांडली, तेव्हा कोट्यवधी बायसनांपैकी हजाराच्या आसपास उरले होते. हा संहार दुर्बिणीने केला असं नाही. तो कातड्याच्या बाजारपेठेने आणि रेल्वेने केला. पण चांगलं हत्यार चांगल्या हेतूची हमी देत नाही, ही गोष्ट तिथे दिसली.

खरी शिकारी दुर्बीण घडली ती जर्मनी-ऑस्ट्रियात. व्हिएन्नाच्या काहलेस यांनी १९०० च्या सुमारास आणि येनाच्या झाइस कंपनीने १९०४ मध्ये आखूड, प्रकाशमान दुर्बिणी बाजारात आणल्या. तिकडचा शिकारी संध्याकाळी, कधी चांदण्यातही, उंच मचाणासारख्या बैठकीवर रानडुकराची वाट बघत बसतो. त्याला जनावर मोठं दिसण्यापेक्षा अंधारात दिसणं महत्त्वाचं. झाइसच्या एका दुर्बिणीचं नावच होतं त्सीलफीअर. त्सील म्हणजे लक्ष्य आणि फीअर म्हणजे चार. एवढं सरळ नाव कवीलाही सुचत नाही.

अमेरिकेत या दुर्बिणी महाग पडत. मंदीच्या ऐन तोंडावर, १९३० मध्ये, केंटकीतल्या न्यूपोर्ट गावी बिल वीव्हर नावाच्या तरुणाने स्वतःच दुर्बीण बनवली. तिचं नाव ३३०, आणि बसवण्याच्या पट्टीसकट किंमत १९ डॉलर. जेमतेम पावणेतीन पट मोठं दाखवणारी ही नळी सामान्य शेतकरी-शिकाऱ्याच्या आवाक्यात आली. तीन वर्षांनी वीव्हर टेक्सासमधल्या एल पासोला गेला, आणि युद्धानंतर १९४७ मध्ये त्याची के-४ आली. चारपट, एकच ठरलेली शक्ती, फिरवायला काही नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत हरणाच्या शिकारीची दुर्बीण म्हटली की हीच किंवा हिच्यासारखी दुसरी.

आता चारच पट का? इथे थोडं गणित आहे, पण सोपं आहे. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास काढायचा असेल, तर पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागायचं. ३२ मिलिमीटरचं भिंग आणि चार पट, म्हणजे ८ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वयाबरोबर त्याहून कमी. म्हणजे चारपट दुर्बीण संधिप्रकाशात डोळ्याला पेलेल तेवढा सगळा उजेड देते, आणि डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळवंडत नाही. तेच भिंग ठेवून आठ पट केली, तर ठिपका ४ मिलिमीटरवर येतो. जनावर दुप्पट मोठं दिसतं, पण काळोखं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चारपट दुर्बिणीतून शंभर यार्डांवर साधारण तीस फूट रुंदीचं दृश्य दिसतं. वीस यार्डांवर, म्हणजे मचाणावरून वाघ दिसावा इतक्या अंतरावर, ते सहा फुटांवर येतं. शेपूट सोडली तर उभा वाघ त्यात कसाबसा मावतो. हीच पट नऊ केली, तर त्या अंतरावर अडीच-तीन फूट दिसणार. म्हणजे नुसते पट्टे! खांदा कुठला, पोट कुठलं, कळायला मार्ग नाही. दाट रानात आणि अंगावर येणाऱ्या जनावरापुढे जास्त जवळून बघणारा माणूस कमी बघतो. म्हणूनच गवा, अस्वल, सिंह अशा मोठ्या जनावरांसाठी जाणते शिकारी अडीच पटीवर थांबत, आणि डोंगरातल्या मेंढ्यांसाठी चारपटीवर. शिकारीवर लिहिणारा प्रसिद्ध अमेरिकन लेखक जॅक ओ'कॉनर याच्या लाडक्या रायफलवर चारपट दुर्बीणच होती.

आणखी एक खुबी आहे. जितकी पट मोठी, तितका हाताचा कंपही मोठा दिसतो. फुली जनावरावर नाचू लागते, माणूस घाबरून घोडा खेचतो, आणि मघाशी सांगितलेली चंपावतची गोष्ट पुन्हा घडते.

एवढं असूनही जुने शिकारी दुर्बिणीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला. यावर झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर पातळ थर देण्याची युक्ती काढली. ती सर्वत्र पोचली युद्धानंतर. मग धुकं. गारठ्यातून उबेत आलं की नळीच्या आत दव धरे. ओरेगॉनच्या मार्कस ल्यूपोल्ड यांचं हरीण अशाच धुकटलेल्या काचेमुळे निसटलं, असं सांगतात. त्यांचा कारखाना जमीन मोजण्याची आणि पाण्याची पातळी नोंदण्याची उपकरणं करणारा. त्यांनी नळीतली दमट हवा काढून नायट्रोजन भरला आणि ती घट्ट बंद केली. शिवाय धक्क्याचा प्रश्न होताच. .३७५ सारख्या जड काडतुसाची रायफल मागे लाथ मारते, आणि दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ असली तर भुवईवर अर्धचंद्राकृती खोक पाडते. म्हणून डोळा आणि काच यांत तीन-चार इंचांचं अंतर हवं.

मग साठच्या दशकात पट बदलणाऱ्या दुर्बिणी स्वस्त आणि भरवशाच्या झाल्या. तीनपासून नऊपर्यंत, कडं फिरवा आणि हवं तेवढं जवळ आणा. दुकानदाराला विकायला सोपं, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला अवघड. माझ्या मते इथे एक गोष्ट गेली. ठरलेल्या पटीची दुर्बीण घेणारा माणूस घरी बसूनच ठरवून टाकत असे, की आपण अमुक अंतरापलीकडे गोळी झाडणार नाही. कडं हातात आल्यावर तो निर्णय रानात, जनावर समोर असताना, छाती धडधडत असताना घ्यायची वेळ आली. आणि तिथे कडं बहुधा एकाच दिशेला फिरतं.

आपल्याकडे या दुर्बिणी आल्या त्या परदेशी पाहुण्यांच्या रायफलींवर बसून. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातल्या जंगलांत वाघाच्या शिकारीसाठी अमेरिकन येत. नागपूरहून शिकारीच्या कंपन्या चालत आणि त्यांच्या जाहिराती तिकडच्या मासिकांत छापल्या जात. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षीच्या गणतीत देशात १८२७ वाघ मोजले गेले, आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं.

आज तीन-ते-नऊच्या जमान्यात चारपट दुर्बीण फार थोड्या कंपन्या बनवतात.  ताडोब्याला जाणाऱ्या हौशी माणसाच्या गळ्यात मात्र ठरलेल्या पटीचीच दुर्बीण असते, बहुधा आठ आणि ४२. तिचं गणित करून बघा: प्रकाशाचा ठिपका सव्वापाच मिलिमीटरचा. सकाळच्या पहिल्या फेरीला, झाडाखाली अजून अंधार असताना, पन्नाशीतल्या डोळ्याला तो पुरतो.