चिकणवटींतील बाकला व इंग्लंडचा वापसा

जेथ्रो टल यानें इ. स. १७०१ त पेरणीचें यंत्र काढलें, पण अडाणी शेतकऱ्यांनीं तें दीर्घकाळ दूर ठेविलें, ही हकीकत इंग्लंडच्या शेतीसंबंधीं वारंवार सांगण्यांत येते. जुने कृषिग्रंथ चाळले असतां चिकणवटींतील बाकल्यापुरता तरी हा ठपका टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

पहिला साक्षी वॉल्टर ऑफ हेन्ली. तेराव्या शतकांतील त्याच्या फ्रेंच ग्रंथाच्या तीसांहून अधिक हस्तलिखित प्रती उपलब्ध असून १८९० त एलिझाबेथ लॅमंड व १९७१ त डोरोथिया ओशिन्स्की यांनीं तो संपादिला. चिकण रानांत वसंतपेर लवकर उरकावी, मार्च कोरडा गेल्यास जमीन फार कठीण होते, असें तो बजावतो.

दुसरा साक्षी १५२३ त छापलेलें फिट्झहर्बर्टचें पुस्तक. (हा अँथनी कीं त्याचा भाऊ जॉन, हा वाद पंडितांत जुना आहे.) वाटाणा व बाकला यांच्या प्रकरणांत तो म्हणतो कीं, नांगरलेल्या रानांत चालून पाहावें, जमीन पायांखालीं कुरकुरली तर ती फार ओली समजावी, निमूटपणें घोड्यांचा भार सोशील तर पेरावें. आमचा कुणबी ज्यास वापसा म्हणतो तोच हा! शिवाय ताठर चिकणींत बाकला घालावा हें कित्येकांचें मत त्यास मान्य नाहीं. उन्हाळा कोरडा गेला तर झाडें खुजीं राहतात, असें तो म्हणतो.

दोन्ही साक्षी जुळवून पाहतां अडचण ध्यानांत येते. घाई करावी तर रान ओलें, थांबावें तर तें दगड. अशा अल्प अवधींत बीं मुठीनें फेंकून उथळ नांगरटीनें झांकणें हाच सुलभ मार्ग. काठीनें भोकें पाडून टोकल्यास बीं वांचतें, खोलीहि सारखी साधते, परंतु माणसें फार लागतात. यंत्राच्या ओळींत घोड्याची कोळपणी चालते, हा त्याचा मोठा गुण; पण त्यास भुसभुशीत माती हवी, आणि ओल्या चिकणींत दांते व नळ्या चोंदतात.

१७९० नंतरच्या दशकांत कॅप्टन हॅलकॉट यानें दक्षिण हिंदुस्थानांतील पाभरीचें वर्णन विलायतेच्या कृषिमंडळास धाडलें. तोंवर तीस तो अर्वाचीन युरोपीय युक्ति समजत होता. दख्खनच्या काळ्या जमिनींत पाभर रब्बीस सुखानें चालते, कारण पाऊस ओसरून वापसा आल्यावरच ती रानांत उतरते. तेथें फेब्रुवारींत ती सवड क्वचितच मिळे.