माप न ओलांडलेली सून

आपल्याकडे नवी सून दारात आली की उंबरठ्यावर तांदळाचे माप ठेवतात. ते पायाने लवंडून ती आत आली की घर तिचे झाले. मग तिचे माहेर कुठले, हे कोणी विचारीत नाही. (विचारतात, पण टोमणे मारण्यापुरते!) राष्ट्राच्या उंबरठ्यावर असे माप नसते. तेथे एक काउंटर असतो, त्यामागे अधिकारी आणि त्याच्या हातात शिक्का. नवरा त्या देशाचा नागरिक असला, तरी बायको त्या काउंटरपुढे परकीच. ज्यांच्या मुलामुलींनी परदेशात संसार थाटले आहेत, त्यांना ही धास्ती चांगली ठाऊक असेल. ती किती जुनी आणि किती खरी आहे, हे एलेन क्नाउफ या बाईच्या हकिकतीवरून कळते.

एलेनचा जन्म जर्मनीतला. हिटलरच्या काळात ती चेकोस्लोव्हाकियात गेली आणि तेथून निर्वासित म्हणून इंग्लंडला पोचली. १९४३ पासून १९४६ पर्यंत तिने ब्रिटिश हवाई दलात नोकरी केली आणि चांगली वागणूक व काम यांबद्दल शाबासकी मिळवली. पुढे जर्मनीत अमेरिकन सैन्याच्या कचेरीत तिला काम मिळाले. तेथेच कुर्ट क्नाउफ नावाच्या अमेरिकन नागरिकाशी तिची गाठ पडली. हा सैन्यातून सन्मानाने निवृत्त झालेला गृहस्थ; फ्रँकफुर्टला सैन्याच्याच नोकरीत होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये वरिष्ठ सेनाधिकाऱ्याच्या रीतसर परवानगीने दोघांचे लग्न झाले. अमेरिकेने १९४५ च्या अखेरीस खास कायदा करून आपल्या सैनिकांच्या परदेशी बायकांना वाट मोकळी करून दिली होती आणि हजारो सुना त्या वाटेने सासरी गेल्या होत्या. एलेनही १४ ऑगस्ट १९४८ रोजी न्यूयॉर्कला पोचली.

आणि तेथेच अडली. तिला एलिस बेटावर ठेवण्यात आले. समोर पाण्यात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, पलीकडे न्यूयॉर्कच्या इमारती, आणि बाई मध्येच लटकलेली. ऑक्टोबरात हुकूम निघाला : हिच्या प्रवेशाने राष्ट्रहिताला बाध येईल, सबब हिला कायमची मनाई. का? ते सांगता येत नाही. सुनावणी? ती मिळणार नाही. महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती. पण युद्धकाळातली आणीबाणी कागदोपत्री चालूच होती आणि तिच्याच नियमांखाली हे सारे बसत होते.

नकाराचे दुःख माणूस सोसू शकतो, असे मला वाटते. कारण न सांगता दिलेल्या नकाराचे काय करायचे? आरोपच ठाऊक नाही, तर खोडून काय काढायचे?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९५० मध्ये चार विरुद्ध तीन अशा मतांनी बाई हरली. बहुमताचे म्हणणे असे, की परक्याला प्रवेश हा हक्क नसून मेहेरबानी आहे. कायदेमंडळ जी रीत घालून देईल तीच त्याच्यापुरता न्याय. विरोधी मतवाल्यांत न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन होते. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी पुढाऱ्यांविरुद्ध अमेरिकेच्या वतीने उभे राहिलेले तेच हे जॅक्सन. बायको हवी असेल तर नागरिकाने स्वतःच देशोधडीला लागावे, इतका अधिकार एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती कायदेमंडळाने दिला आहे, हे ते मान्य करीनात.

आता वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले. प्रतिनिधिगृहात तिच्यासाठी खास विधेयक आले. तरी खात्याची घाई थांबेना. मे १९५० मध्ये तिला आयडलवाइल्ड विमानतळावरून (पुढे ज्याला केनेडींचे नाव दिले तोच हा) जर्मनीला परत धाडायचे ठरले. विमान सुटायला जेमतेम वीस मिनिटे उरली असता न्यायमूर्ती जॅक्सन यांचा तहकुबीचा हुकूम आला आणि बाई खालीच राहिली. कादंबरीत मी असा प्रसंग घातला असता, तर वाचकांनी मला हसून काढले असते!

अखेर मार्च १९५१ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा कुठे आरोप कळला : म्हणे, फ्रँकफुर्टला असताना तिने चेक लोकांना गुप्त माहिती पुरवली. पहिल्या चौकशीत निकाल विरुद्धच गेला. पण वरच्या अपील मंडळाने पुरावा तपासला, तर त्यात ऐकीव गोष्टींपलीकडे फारसे काही नव्हते. नोव्हेंबर १९५१ मध्ये महान्यायवादींनी मनाईचा हुकूम मागे घेतला. सव्वातीन वर्षांनी बाईने उंबरठा ओलांडला. पुढच्याच वर्षी तिने आपली हकिकत पुस्तकरूपाने छापली.

बाई आत आली, पण १९५० चा तो निकाल रद्द झाला नाही. लॉस एंजल्सच्या एका अमेरिकन वकीलबाईचा नवरा एल साल्वाडोरचा. व्हिसासाठी तो मायदेशी गेला आणि २०१५ मध्ये त्याला नकार मिळाला. अंगावरच्या गोंदणावरून तो गुंडांच्या टोळीतला असावा असा संशय होता, हे त्या दोघांना कोर्टात गेल्यावरच कळले. २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की परदेशी जोडीदाराला देशात घेतलेच पाहिजे, असा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. त्या निकालपत्रात एलेन क्नाउफच्या खटल्याचा आधार घेतलेला आहे.