बाबागाडी

‘बाबागाडी’ या शब्दांतला बाबा म्हणजे बाप नव्हे. साहेबाच्या बंगल्यावर नोकरमाणसें धन्याच्या मुलास ज्या नांवानें हांक मारीत तो हा बाबा; आणि त्याची गाडी ढकलणारी जी आया, तिचें नांव तर पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आलेलें. म्हणजे वस्तु इंग्रजांची, ढकलणारीचें नांव पोर्तुगीजांचें, आणि जोडशब्द मात्र आपला! शब्दाची ही कुळकथा ध्यानांत घेतली म्हणजे उघड होतें कीं, ही गाडी आपल्याकडे एकटी आली नाहीं. बंगला, बगीचा, खडीची सडक आणि नोकर यांच्यासह आली. पुढें नोकर गेले, बगीचा गेला, सडकेचा भरंवसा राहिला नाहीं. गाडी तेवढी उरली. आणि तेव्हांपासून ती निवडावी कशी, हा प्रश्न मध्यम स्थितींतील आईबापांपुढें उभा आहे.

या गाडीचें मूळ इंग्लंडांतील एका उमरावाच्या घरीं सांपडतें. 1733 सालीं डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांकरितां विल्यम केंट या प्रसिद्ध वास्तुशिल्पी व उद्यानकारानें एक चिमुकलें वाहन केलें. तें शिंपल्याच्या आकाराचें होतें आणि तें ओढावयास बकरा किंवा तट्टू जुंपावें अशी योजना होती. उमरावाचें मूल झालें तरी उमरावच. त्यास रथ नको काय? पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओढण्याची दांडी जाऊन मागें ढकलण्याची मूठ आली, जनावराच्या जागीं दाई आली, आणि गाडी राजवाड्याच्या बागेंतून शहरच्या फरसबंद पदपथावर उतरली.

आपल्याकडे लहान मुलासाठीं चाक नव्हतें असें नाहीं. पांगुळगाडा आपल्या घरांतून पुष्कळ काळ आहे. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांत तो आजही रंगवून मिळतो. परंतु पांगुळगाडा मुलानें स्वतः ढकलावयाचा, आणि बाबागाडींत मुलानें बसावयाचें व दुसऱ्यानें ढकलावयाचें. पहिल्याचा हेतु मुलास चालतें करणें, दुसरीचा हेतु मोठ्यांचे श्रम वांचविणें. मुलास नेण्याआणण्याचें काम आपण चाकावर कधीं सोंपविलेंच नव्हतें. तें माणसाच्या अंगावर होतें. कडेवर, खांद्यावर, पाठुंगळीस. आणि शेतांत राबणाऱ्या बाईचें मूल बांधावरच्या झाडास टांगलेल्या झोळींत. उसाच्या फडाच्या कडेस अशी झोळी आजही दिसते. एकत्र कुटुंबांत आजी, आत्या, काकू, थोरली बहीण असा परिवार असे, त्यामुळें मुलास कडेची वाण पडत नसे. आतां घरांत मोठीं माणसें चार. त्यांतलीं दोन कामावर जाणारीं आणि उरलेल्या दोघांचे गुडघे दुखणारे. दुकानांत जाऊन पैसे मोजणारे आईबाप असले तरी गाडी रोज हातीं धरणार ते बहुधा आजीआजोबा, ही गोष्ट खरेदीच्या वेळीं कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. मुठीची उंची त्यांच्या कमरेस जुळते कीं नाहीं, हें त्यांस बरोबर नेऊनच पाहावें.

आमच्या आप्तांपैकीं एका तरुण दांपत्याचें बिऱ्हाड पलूस येथें आहे. त्यांनीं याच बाबतींत आमचा सल्ला विचारला, तेव्हां या विषयास चाकांच्या दृष्टीनें पलूसइतकें योग्य स्थळ दुसरें नसेल असें आमच्या मनांत आलें. शेजारच्या किर्लोस्करवाडीचा इतिहास चाकापासूनच सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास जें दुकान काढलें तें सायकलींचें, आणि तें 1888 सालीं. त्याच सालीं बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवा भरलेल्या रबरी धावेचें पेटंट घेतलें. आणि ही धाव त्यांनीं प्रथम बसविली होती ती आपल्या लहान मुलाच्या तिचाकीस! साऱ्या जगाच्या मोटारी ज्या धावांवर चालतात त्यांचा जन्म एका मुलास दगडी रस्त्यावर धक्के बसूं नयेत या काळजींतून झाला. पुढें 1910 सालीं किर्लोस्करांचा कारखाना औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर आला, त्याच्या भोंवतीं वसाहत उभी राहिली आणि कुंडल रोड स्टेशनास किर्लोस्करवाडी हें नांव पडलें. अशा वसाहतीच्या सपाट रस्त्यावर वाटेल ती गाडी चालेल. परंतु तेथून थोडें बाहेर पडलें कीं कृष्णाकांठची काळी माती लागते. श्रावणांत ती चाकाला धरते, आणि चैत्रांत तिच्यांतल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. चार बोटांचें चाक तेथें अडतें, आणि मूल पुढें आपटतें.

चाकानंतरचा प्रश्न मुलाच्या तोंडाचा. म्हणजे तें कोणत्या दिशेस असावें याचा. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय गृहस्थानें 1889 सालीं एका गाडीचें पेटंट घेतलें. तिची बैठक फिरवून मुलास ढकलणाऱ्याकडे किंवा रस्त्याकडे, हवें तसें वळवितां येई. दिसावयास ही सोय किरकोळ. परंतु स्कॉटलंडांतील डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनीं 2008 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत रस्त्यांवरील 2,722 जोड्यांचें निरीक्षण झालें, आणि मुलाचें तोंड आपल्याकडे असतां मोठ्या माणसांचें त्याच्याशीं बोलण्याचें प्रमाण दुपटीहून अधिक आढळलें. कडेवरच्या मुलास हें बोलणें आपोआप मिळे. “ती बघ चिऊ, तो बघ हम्मा” हें सांगणारीचें तोंड त्याच्या गालापाशीं असे. मूल गाडींत घालून आपण त्यास हातभर दूर करतों. मग निदान त्याचा चेहरा तरी आपल्याकडे ठेवावा. वर्षदीड वर्षानें त्यास जगाकडे पाहण्याची ओढ लागते, तेव्हां बैठक फिरवावी. दोन्ही दिशांस वळणारी गाडी थोडी महाग पडते. आमच्या मतें तेवढा खर्च योग्य आहे.

तिसरी गोष्ट घडीची. ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे इंजिनियर, स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले. विमानाचीं चाकें पोटांत घडी होऊन बसतात, तशी गाडीही मिटावी म्हणून त्यांनीं 1965 सालीं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, अवघ्या सहा पौंडांची गाडी योजिली. एसटींत चढतांना किंवा आगगाडीचा डबा गांठतांना एका हातीं मूल आणि दुसऱ्या हातीं गाडी घेणारी आई मॅक्लारेनांस दुवा देईल यांत शंका नाहीं. परंतु हलकेपणा आणि मोठीं चाकें हीं दोन्ही एके ठिकाणीं सहसा नांदत नाहींत. येथेंच गृहस्थ फसतात. वर्षांतून दोनदां पुण्यास जावयाचें, त्या दोन प्रवासांसाठीं ते गाडी घेतात, आणि उरलेले साडेतीनशें दिवस ती दाराआड मिटलेली उभी राहते. गाडी रोजच्या गल्लीसाठीं घ्यावी. पुण्यास जातांना मूल कडेवर न्यावें. पलूसच्या मंडळींस आम्हीं मोठ्या चाकांची, बैठक फिरणारी, थोडी जडच गाडी सांगितली, आणि तीही मूल सहा महिन्यांचें होऊन मान धरून नीट बसूं लागल्यावर. त्याआधीं तान्ह्यास उताणें, सपाट निजवितां येईल अशीच गाडी हवी. ती नसेल तर पाळणा आणि मांडी पुरे.

किंमतीविषयीं बोलावयाचें तर शूद्रकाचा ‘मृच्छकटिक’ आठवतो, जो हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणला. त्यांत चारुदत्ताचा मुलगा रडतो तो शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून; मातीची त्यास नको होते. हल्लीं गाड्या पाहून मुलें रडत नाहींत, आईबाप कष्टी होतात. पूर्वीं पाळणा एका घरांतून दुसऱ्या घरीं जाई, आणि ज्या पाळण्यांत पांच मुलें वाढलीं तो शुभ मानीत. गाडीही तशी मागून आणण्यास हरकत नाहीं. मात्र आणल्यावर ती उतारावर उभी करून ब्रेक धरतो कीं नाहीं हें पाहावें, खांद्याचे, कमरेचे व पायांमधले पट्टे ओढून पाहावे, आणि मिटणाऱ्या सांध्यांचीं कुलपें बोटानें तपासावीं. मुठीस भाजीची पिशवी अडकवूं नये. मूल उचलतांच गाडी मागें कोलमडते. आणि वैशाखांत उन्हासाठीं तिच्यावर दुपटें पांघरण्याची जी आपल्या बायकांस संवय आहे ती सोडावी, कारण आंतली हवा कोंडून भट्टीसारखी तापते. दुपारीं बाराच्या सुमारास बाहेर पडणेंच भाग पडलें, तर छत्री धरणारें दुसरें माणूस बरोबर न्यावें.