शिडी घाटाने भीमाशंकर: मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर

अंतरवाली सराटी, वडीगोद्री, अंबड या भागातून भीमाशंकरला जाणारे बहुतेक जण गाडीने मंचर-घोडेगावमार्गे वर पोहोचतात आणि पायऱ्या उतरून दर्शन घेतात. दुसरी वाट कोकणाच्या बाजूने आहे. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून ती जंगलातून चढते. खांडसहून दोन फाटे फुटतात. गणेश घाट लांबचा पण सौम्य आहे. शिडी घाट जवळचा, पण उभ्या कातळावर लावलेल्या लोखंडी शिड्यांचा आहे. दोन्ही वाटा पदरवाडीच्या पठारावर मिळतात आणि तिथून दाट जंगलातला शेवटचा चढ लागतो. घरातली मुले या वाटेने निघाली की "आम्हीही येतो" म्हणणारे आई-वडील, काका-मामा असतात. त्यांच्यापैकी कोणाला गोळ्या चालू असतील तर घर सोडण्याआधी हे वाचा.

भीमाशंकर समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर हवेतला प्राणवायू त्रास होण्याइतका कमी होत नाही. म्हणून चढताना छातीत दुखले किंवा थांबल्यावरही धाप कमी होईना, तर "उंचीमुळे होतंय" असे समजू नका. खरा धोका अंतराचा आहे. गाडीरस्त्यावर चक्कर आली तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलावता येते. शिडी घाटात तीच चक्कर आली तर रुग्णाला माणसांनीच खाली आणावे लागते, त्यात कित्येक तास जातात, आणि फोनला रेंज असेलच असे नाही.

"आम्ही रोज शेतात राबतो, आम्हाला काय होतंय?"

शेतात राबणाऱ्याचे स्नायू मजबूत असतात, हे खरे. पण आपला भाग सपाट आहे आणि चढाचा ताण हृदयावर वेगळा पडतो. शिवाय हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा रोजच्या सवयीच्या कामात अनेकदा जाणवतच नाही. न थांबता दोन मजले चढता येणे ही आम्ही शस्त्रक्रियेआधी विचारतो ती साधी कसोटी आहे. घाटासाठी तेवढ्यावर भागत नाही. महिनाभर आधीपासून अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर पाठीला पिशवी लावून चढ-उतार करा. तिथे छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असे काही जाणवले तर घाटाचा बेत बाजूला ठेवून ईसीजी आणि तपासणी करून घ्या.

अलीकडेच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल, विश्रांतीतही धाप लागत असेल, रक्तदाब १८०/११० च्या वर राहत असेल किंवा पूर्वी श्रमाने बेशुद्धी आली असेल, तर ही वाट तुमच्यासाठी नाही. गाडीने जा. देव तोच आहे.

श्रावणी सोमवार, उपवास आणि साखरेच्या गोळ्या

या वाटेवर मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या तीन गोष्टी एकत्र येण्याची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी चार-पाच तास चढलात, तर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. साखर उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस चिडचिडा होतो, असंबद्ध बोलतो. सोबतच्यांना वाटते, दमला असेल. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, पण घाम येतो. तेवढी एक खूण लक्षात ठेवा. शिडीवर असताना असे झाले तर पडण्याचाच धोका.

म्हणून उपवास त्या दिवशी नको. करायचाच असेल तर चढायचे नाही. चढाच्या दिवशी गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस किती कमी करायचा हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावे. मनाने गोळी बंद करू नका. त्या दिवशी इन्सुलिन मांडीत टोचू नका, कारण चालताना ते तिथून लवकर शोषले जाते. खिशात ग्लुकोज पावडर हवी, बॅगेच्या तळाशी नव्हे. त्रास वाटला की तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटे बसा, पुन्हा तपासा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका. रात्री झोपण्याआधी साखर जरूर पाहा, कारण मोठ्या श्रमानंतर ती त्या रात्रीही उतरू शकते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबद्दल वेगळे विचारा. उपवास आणि पाण्याची कमतरता असताना या गोळ्यांमुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास ही त्याची लक्षणे आहेत.

पाणी आणि गुडघ्याची गोळी

पावसाळी जंगलात हवा दमट असते. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. साध्या पाण्याबरोबर ओआरएसही घ्या. एक पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. लघवी कमी करण्यास सांगितले आहे म्हणून मुद्दाम पाणी टाळणारे लोक असतात. चढावर ते चालणार नाही. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, अंगातले पाणी कमी झालेले असताना गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेतली, तर किडनीवर मोठा आघात होऊ शकतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल.

जळवांना घाबरू नका. नखाने सरकवून काढा, जखम धुवा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर जखम थोडा जास्त वेळ दाबून धरा. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काहीच करू नका. पाय हलू न देता रुग्णाला उचलून आणा. पावसाळ्यात घाटवाटा काही वेळा बंद ठेवतात, त्याची चौकशी करा आणि खांडसचा माहीतगार माणूस बरोबर घ्या.

परतल्यावर ताप आला तर

जंगलातून आल्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांत ताप आला, तर अंबड किंवा जालन्याच्या डॉक्टरांना "मी जंगलात गेलो होतो" हे स्वतःहून सांगा. गवता-झुडपांतल्या बारीक कीटकांच्या पिल्लांपासून स्क्रब टायफस होतो. तोवर तुम्ही ट्रेक विसरलेले असता आणि ताप डेंग्यू, मलेरिया किंवा टायफॉइडचा समजला जातो. टायफॉइडसाठी नेहमी दिली जाणारी सेफ्ट्रियाक्सोनसारखी इंजेक्शने यावर काम करत नाहीत. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन वेळेत मिळाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी आणि मेंदूपर्यंत आजार जाऊ शकतो.

दवाखान्यात जाण्याआधी घरच्या कोणाकडून काख, जांघ, कमरेचा पट्टा आणि स्तनांखालचा भाग नीट पाहून घ्या. सिगारेटचा चटका बसावा तशी, न दुखणारी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. खपली नसली तरी आजार नाही असे होत नाही. ओढ्याच्या पाण्यातून गेला असाल आणि पोटऱ्या फार दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर तेही सांगा; लेप्टोस्पायरोसिसची तपासणी वेगळी करावी लागते. गर्भवती असाल तर औषध निवडण्याआधी ते सांगणे आवश्यक आहे.