काऊ-चिऊची गोष्ट : एका बंद दाराचा इतिहास

मराठी घरातील मूल आपल्या आयुष्यात जी पहिली गोष्ट ऐकते, ती बहुधा काऊ-चिऊची असते. रामायण-महाभारतातील कथा आणि शिवछत्रपतींचे प्रसंग पुढे यथाकाल येतात. परंतु मांडीवर बसून, तोंडात वरणभाताचा घास असताना कानावर पडते ती हीच. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे. मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, मेणाचे टिकते. भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशी येऊन दार उघडण्याची विनवणी करतो. चिमणी दर वेळी थांबायला सांगते. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, त्याचे अंग पुसायचे आहे, काजळ-तीट लावायची आहे, त्याला निजवायचे आहे. बडोदे असो, इंदूर असो, बेळगाव असो वा हैदराबाद, आमच्या पिढीतील कोणाला ही गोष्ट ठाऊक नाही असे सहसा आढळत नाही.

इतकी परिचित वस्तू आपण नीट पाहत नाही. या गोष्टीला साडेसातशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि तिला आपण जे तात्पर्य चिकटवले आहे ते तिच्यात मुळीच नाही, या दोन बाबींकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम इतिहास पाहू. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुमारे १२७८ च्या सुमारास, संकलित केल्या. तोच 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ होय. त्या ग्रंथात ही गोष्ट आहे. कावळ्याचे शेणाचे घर आहे, मेणाचे घर आहे, पाऊस आहे. फरक एकच, आणि तो मोठा मौजेचा आहे : मेणाच्या घरात राहणारा पक्षी तेथे चिमणी नसून 'साळै' आहे. साळै म्हणजे साळुंकी, असा अर्थ सामान्यतः केला जातो.

आम्हां गुजरातनिवासी मराठी जनांना याहून जवळची वाटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. पंथाच्या परंपरेनुसार चक्रधरस्वामींचा पूर्वाश्रम गुजरातेतील भडोचचा. तेथील प्रधान विशाळदेव यांचे ते पुत्र, नाव हरिपाळदेव. पुढे गोदावरीकाठी वावरताना त्यांनी संस्कृताचा मान बाजूस ठेवून लोकांची मराठी स्वीकारली. म्हणजे आज आपण जी गोष्ट अस्सल मराठमोळी म्हणून नातवंडांना सांगतो, तिची सर्वांत जुनी ज्ञात नोंद ज्यांच्या तोंडची आहे, ते बडोद्यापासून दीड-दोन तासांच्या वाटेवरील गावी जन्मलेले होते. भाषा ही रक्ताने येते की आपुलकीने, या प्रश्नाचे याहून बोलके उत्तर शोधावे लागू नये.

पुढे महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले आणि मठांतून जपले गेले. पंथ पंजाबात व त्याही पलीकडे काबूलपर्यंत पोहोचला, आणि त्याबरोबर मराठी पोथ्याही गेल्या. इतर मराठी समाजाला मात्र त्यांची ओळख नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे यांनी त्या लिप्यांचे कोडे उलगडले. पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते अशा संपादकांच्या परिश्रमाने लीळाचरित्र सर्वांच्या हाती आले.

याचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. मधल्या सहा शतकांत आपल्या आज्या-पणज्यांनी ही पोथी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. तरीही शेण, मेण, पाऊस आणि बंद दार जसेच्या तसे राहिले. केवळ साळुंकीची चिमणी झाली. पोथी मठात राहिली आणि गोष्ट चुलीपाशी राहिली. चुलीपाशी राहिलेली गोष्टही पोथीइतकीच टिकली.

आता तात्पर्याकडे वळू. कोणाही मराठी गृहस्थास विचारा, तो सांगेल की कावळा आळशी होता म्हणून त्याचे घर वाहून गेले, आणि चिमणी उद्योगी होती म्हणून तिचे टिकले. परंतु मूळ गोष्ट आठवून पाहावी. तीत आळसाचा उल्लेख कोठे आहे? कावळ्यानेही घर बांधलेच होते. ते शेणाचे होते, एवढेच. शेण ही त्या काळी हीन वस्तू नव्हती. आमच्या लहानपणीदेखील गावाकडील घरांतून शेणाने सारवलेल्या भुई होत्या आणि दारापुढे सडासंमार्जन होत असे. शेणात पाण्यापुढे टिकण्याचा गुण नाही, आणि मेणात तो आहे. परंतु त्याच मेणात उन्हापुढे आणि विस्तवापुढे टिकण्याचा गुण नाही. पांडवांच्या लाक्षागृहाची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. पाऊस आला म्हणून कावळा दाराशी आला. वैशाख आला असता तर कोण कोणाच्या दाराशी गेले असते?

आळशी कावळा आहे, पण तो शेजारच्या गोष्टीत आहे. गुजरातीत 'काबर अने कागडो' ही बालकथा घरोघरी प्रसिद्ध आहे. काबर म्हणजे आपली साळुंकीच! काबर आणि कावळा भागीने शेती करतात. नांगरणीपासून मळणीपर्यंत काबर राबते, आणि कावळा चोच घडवून घेत असल्याची सबब सांगत झाडावर बसून राहतो. वाटणीच्या वेळी तो मोठा ढीग निवडतो. तो निघतो भुसाचा, आणि वादळपावसात त्याची फजिती होते. तेथे आळस हाच विषय आहे आणि शिक्षा त्याला साजेशी आहे. लीळाचरित्रातील साळै आणि गुजरातीतील काबर या एकाच जातीच्या पक्षिणी; दोहोंपुढे कावळा, दोहोंत पाऊस. या दोन कथांचे काही नाते असेल काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु नाते असो वा नसो, एकीचा न्याय दुसरीला लावणे योग्य नव्हे.

पावसात भिजणारा प्राणी आणि कोरड्या घरातील पक्षी ही जोडी याहूनही जुनी आहे. पंचतंत्रात झाडाखाली कुडकुडणाऱ्या वानराला घरट्यातील पक्षी उपदेश करतो, की तुला माणसासारखे हातपाय असताना तू घर का बांधत नाहीस? वानर संतापून ते घरटेच मोडून टाकतो. जातककथांतही असाच प्रसंग आहे. पंडितांनी त्यातून काढलेला बोध असा की, मूर्खाला उपदेश करू नये. परंतु आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कोरड्या जागी बसून भिजणाऱ्याला शहाणपण सांगणे, हे नुसते निष्फळ नाही. ते क्रूरही आहे. 'तू आळशी म्हणून तुझे घर वाहून गेले,' असे कावळ्याविषयी म्हणणारे आपण, त्या घरट्यातील पक्ष्याच्याच फांदीवर बसलेले नाही काय?

प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहिण्याची सवय आपल्याला छापील पुस्तकांनी लावली असावी, असे आमचे मत आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली मराठीत 'इसापनीति' आणली. ते कार्य थोरच होते. मुलांसाठी सोप्या मराठीत लिहिण्याचा पाया त्यातून घातला गेला. परंतु इसापाच्या गोष्टी बोधासाठी बेतलेल्या असतात. काऊ-चिऊची तशी नाही. शाळेतील तात्पर्य पुढे आजीच्या गोष्टीलाही चिकटले. या प्रवाहाविरुद्ध गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी आवाज उठवला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी १९२० पासून मुलांना गोष्टी सांगितल्या त्या आनंदासाठी, नीतिपाठासाठी नव्हे. त्यांच्या सोबतीला एक मराठी विदुषी होत्या, हे आपण अभिमानाने सांगावे. त्या म्हणजे ताराबाई मोडक. भावनगरात त्यांनी जे कमावले, ते पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेले.

तात्पर्य बाजूस ठेवले, तर गोष्टीत शिल्लक काय राहते? शिल्लक राहतो तो 'थांब' हा शब्द. चिमणी एकदाही नाही म्हणत नाही. ती केवळ थांबायला सांगते. आणि विशेष हे की तिची प्रत्येक सबब खरी आहे. बाळाला न्हाऊ घालणे, पुसणे, निजवणे, ही आईची कर्तव्येच होत. खोटे काहीच नाही, तरी बाहेरचा भिजतोच आहे. तीन दशकांहून अधिक काळ सरकारी सेवेत घालवलेल्या आम्हांस हा शब्द चांगला परिचयाचा आहे. अर्जदाराला नकार क्वचितच मिळतो. साहेब दौऱ्यावर असतात, टिपणी वर गेलेली असते, एक दाखला राहिलेला असतो. प्रत्येक कारण नियमाला धरून असते, आणि दरम्यान पावसाळा उलटून जातो. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यातील वस्त्यांत शिरले, तेव्हा दार वेळेवर उघडणे म्हणजे काय, हे या शहराने पुन्हा अनुभवले. पुरात आसरा चार तास उशिरा मिळाला, तर तो मिळून उपयोग काय?

याचा अर्थ चिमणीला दोषी ठरवावे असा नव्हे. ती एकटी आहे, पदरी तान्हे बाळ आहे, बाहेर अंधार आहे, आणि दाराशी आलेला पक्षी अंडी-पिले पळवणारा म्हणून प्रसिद्ध आहे. आजच्या सुना-मुली आपल्या लेकरांना अनोळखी माणसाला दार उघडू नये असे बजावतात, त्यात काय चुकते? ही गोष्ट दोघांचेही म्हणणे खरे ठेवते, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली, असे आम्हांस वाटते.

कावळ्याविषयी आपल्या समाजाचे मनही असेच दुभंगलेले आहे. त्याचे ओरडणे म्हणजे पाहुण्याची वर्दी. पिंडाला तो शिवेपर्यंत मोठमोठे लोक हात जोडून उभे राहतात. इतरांच्या पाहुण्यांची वर्दी देणारा हा पक्षी स्वतः पाहुणा म्हणून आला, तर दार लागलेले! निसर्गातील कावळा मात्र काटक्यांचे भक्कम घरटे बांधतो, आणि त्यात कोकिळेची पिलेही नकळत वाढवतो. उलट चिमणी आपले घरटे बहुधा माणसाच्या घरातच करते. वळचणीला, कौलाखाली, भिंतीवरच्या तसबिरीमागे. म्हणजे गोष्टीत दार अडवून बसलेली चिऊ प्रत्यक्षात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या घरी आश्रयाने राहिली आहे.

येथे ही गोष्ट आपल्या सर्वांच्या अंगावर येते. गायकवाडांची सत्ता १७३४ मध्ये बडोद्यात स्थिर झाली, आणि तिच्यामागून आपले पूर्वज या भूमीत आले. कोणी शिलेदार होते, कोणी कारकून, कोणी शास्त्री, कोणी आचारी. त्या वेळी आपण मेणाच्या घरात होतो. १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य वेगळे झाले, आणि तेच आपण दुसऱ्याच्या अंगणातील ठरलो. इंदूर-ग्वाल्हेरकरांचा अनुभव फार निराळा नसावा. एकाच घराण्याने तीन पिढ्यांत चिऊही व्हावे आणि काऊही, हे स्थायिक मराठी कुटुंबांइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्याला शेजाऱ्यांनी दार उघडले, म्हणून आपण येथे आहोत. आज आपल्या सोसायटीच्या फाटकाशी परप्रांतातील मजूर भाड्याची खोली विचारीत उभा राहतो, तेव्हा आपण त्याला 'थांब' म्हणतो की आत घेतो, यावर आपल्याला ही गोष्ट कितपत कळली ते ठरेल.

दरम्यान चिमणीचे दिवसही फिरले आहेत. कौले गेली, वळचणी गेल्या, काचेच्या भिंती आल्या. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. त्याच सुमारास शाळांतून लाकडी घरटी टांगण्याचे उपक्रम होतात. आता दाराशी चिऊ उभी आहे, आणि आत आपण आहोत.

आमची वाचकांना एक विनंती आहे. नातवंडांची घरची मराठी दिवसेंदिवस अपुरी पडत चालली आहे. ती नीट टिकायची असेल तर अशा गोष्टींच्या आधारानेच टिकेल. गोष्ट सांगावी, परंतु तात्पर्य सांगू नये. कावळा बाहेर भिजतो आहे, चिमणी बाळाला काजळ घालते आहे, इथवर आले की किंचित थांबावे आणि मूल काय विचारते ते ऐकावे. तसेच या गोष्टीचा शेवट घरोघरी निराळा असतो. कोठे कावळा चुलीपाशी बसून पोळतो, कोठे चण्यांच्या पोत्यापाशी निजून रात्रभर चणे फोडतो. आपल्या घरी तो शेवट कसा सांगत, हे ज्येष्ठांकडून ऐकून लिहून काढावे, आणि घराणे कोठून कोठे आले त्याची दोन ओळींची नोंद सोबत जोडून या पत्रिकेकडे पाठवावे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, गोवे, हैदराबाद येथील शेवट शेजारी शेजारी ठेवले, तर आपण वाटेत काय गमावले आणि काय मिळवले, याची एक छोटीशी वंशावळच हाती येईल. हे काम ज्यांना ती गोष्ट आजीच्या तोंडून आठवते, त्यांच्या हयातीतच झाले पाहिजे.