लाल कागदावरचं बोलावणं

लग्नसराई सुरू झाली की घरात पत्रिका येऊन पडू लागतात. कुणाच्या पत्रिकेच्या माथ्यावर गणपती असतो, कुणाच्या माथ्यावर ‘७८६’. माथा वेगळा असला तरी खालचा मजकूर बराचसा सारखाच. आपण तारीख बघतो, कार्यालय बघतो, जेवण दुपारी की रात्री ते बघतो आणि पत्रिका बाजूला ठेवून देतो. मला मात्र आणखी एक गोष्ट बघायची सवय आहे. बोलावणं कुणाच्या नावानं आलंय? आजोबांच्या, वडिलांच्या, की ज्यांचं लग्न आहे त्या दोघांच्या? त्या एका ओळीवरून घराची घडण कळते. आज हाच प्रश्न मी चिनी लग्नपत्रिकेला विचारणार आहे. तिथं या प्रश्नाचं उत्तर बदलायला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली.

कागदाचा शोध लागण्यापूर्वीही चीनमध्ये लग्नं रीतसर ठरत होती. ‘यीली’ नावाच्या प्राचीन आचारग्रंथात लग्नाचे सहा विधी सांगितले आहेत. पहिल्या विधीत मुलाकडचा दूत मागणी घालायला जातो. दुसऱ्यात तो मुलीचं नाव विचारतो. तिसऱ्यात पूर्वजांच्या मंदिरात कौल लावून तो शुभ निघाल्याचं कळवलं जातं. चौथ्यात रेशमाचा नजराणा जातो आणि सोयरीक पक्की होते. पाचव्यात तारीख ठरते. सहाव्यात नवरदेव स्वतः वधूला आणायला निघतो, तेही सांजवेळी. चिनी लिपीत लग्नाचं जे अक्षर आहे त्याचा एक भाग ‘स्त्री’ आणि दुसरा ‘तिन्हीसांज’. चौथा विधी सोडला तर बाकीच्या प्रत्येक वेळी सोबत रानहंस न्यायचा. हा पक्षी ऋतू चुकवत नाही आणि जोडीदार सोडत नाही, अशी समजूत होती.

यातला दुसरा विधी मला थबकवतो. नाव विचारणं हा विधी का असावा? कारण मुलीचं नाव चारचौघांत घ्यायचंच नसे. मध्यस्थ असल्याशिवाय मुलामुलीला एकमेकांचं नाव कळू नये, असा दंडक होता. पुढच्या काळात नावासोबत जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ लाल कागदावर लिहून द्यायची पद्धत पडली. प्रत्येकाची दोन, अशी एकूण आठ अक्षरं. ती ज्योतिष्याकडे जायची आणि जुळली तरच बोलणी पुढे सरकायची. गंमत बघा, आपण मराठीत जन्मकुंडलीलाही पत्रिका म्हणतो आणि लग्नाच्या बोलावण्यालाही पत्रिकाच म्हणतो. चिनी भाषेतही या दोन्ही कागदांच्या नावांत ‘थिए’ हा एकच शब्द येतो. एक कागद लग्न जुळवतो, दुसरा ते जगाला सांगतो.

तारखेचा विधीही मोठा मासलेवाईक. त्याचं नावच मुळी ‘तारखेची विनंती’. मुलाकडच्यांनी कौल लावून दिवस आधीच काढलेला असायचा. तरी दूत मुलीच्या वडिलांना म्हणायचा, तारीख आपण सांगावी. ते म्हणायचे, छे, आपणच सांगा. मग दूत खिशातली तारीख बाहेर काढायचा. आपल्याकडच्या बैठकीत ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य किती वेळा फिरतं, ते आठवून पाहा. बाराव्या शतकातल्या चू शी या तत्त्वज्ञाच्या नावावर असलेल्या ‘कौटुंबिक विधी’ या ग्रंथानं सहा विधींचे तीन केले. पण तारखेचं महत्त्व काही कमी झालं नाही. शुभ-अशुभ दिवस सांगणारं पंचांग घरोघर असे, आणि चांद्र कालगणनेतला सातवा महिना भुताखेतांचा म्हणून आजही पुष्कळ लोक टाळतात.

आता मूळ कागदाकडे येऊ. सोळाव्या-सतराव्या शतकांत, मिंग राजवटीच्या उत्तरार्धात, चीनमध्ये घरगुती वापराचे छापील ज्ञानकोश स्वस्तात मिळू लागले. कोणत्या नातलगाला कोणत्या शब्दांत बोलवावं, याचे तयार नमुने त्यांत असत. मजकूर वरून खाली लिहायचा आणि ओळी उजवीकडून डावीकडे न्यायच्या. ज्याला बोलवायचं त्याचं नाव मधल्या ओळीत आलं, तर तिथंच ओळ तोडून ते नव्या ओळीच्या माथ्यावर चढवायचं. पाहुण्याला कागदावरही वरचा पाट! स्वतःच्या मुलाला मात्र ‘लहानगा मुलगा’ आणि मुलीला ‘लहानगी मुलगी’ म्हणायचं. यजमान असायचा घरातला कर्ता पुरुष. ‘अमुक दिवशी माझ्या लहानग्या मुलाचं लग्न आहे’ असं तो लिहायचा. लग्न मुलाचं, पण बोलावणं बापाचं.

मुलीकडचे आपली वेगळी पत्रिका काढत. त्यात लग्नाला जो शब्द वापरत तो होता ‘यूग्वेइ’. हा ‘शीजिंग’ या चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहातून आलेला शब्द. अर्थ होतो, परत जाणं. मुलगी सासरी जाते म्हणजे ती आपल्या खऱ्या घरी ‘परतते’. मी कविता लिहिणारा माणूस. या शब्दावर किती तरी दिवस अडकून पडलो होतो. आपल्या भाषेनं निदान माहेर आणि सासर असे दोन शब्द ठेवले, आणि पोरीनं आयुष्यभर माहेरची वाट पाहावी एवढी मुभा दिली. त्या लाल कागदानं तीही ठेवली नाही. ज्या घरात ती कधी पाऊलही टाकून आलेली नाही, तिथं ती परत जाते म्हणे.

पत्रिका कधी द्यायची, याचेही नियम होते. तीन दिवस आधी सांगितलं तर ते निमंत्रण, दोन दिवस आधी सांगितलं तर नुसती हाक, आणि त्याच दिवशी सांगितलं तर फरफटत नेणं, अशी चिनी म्हण आहे. ऐनवेळच्या फोनवर रुसणारे काका-मामा फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. मेजवानीच्या निमंत्रणाची आणखी एक सुरेख पद्धत होती. लाल कागदावर सगळ्या पाहुण्यांची नावं ओळीनं लिहायची आणि नोकरानं तो कागद घरोघर फिरवायचा. येणार असेल त्यानं आपल्या नावाखाली ‘कळलं’ या अर्थाचं अक्षर लिहायचं, जमणार नसेल त्यानं ‘आभार’ लिहायचं. आपल्याबरोबर पंगतीला कोण बसणार, हेही पाहुण्याला त्यात आपोआप दिसायचं. कुणाचं तोंड बघायचं नसेल, तर ‘आभार’ लिहायची सोय होतीच.

१९१२ साली राजेशाही संपली आणि शहरांतल्या तरुणांनी ‘सुधारलेली लग्नं’ सुरू केली. पांढरा पोशाख आला, भाषणं आली, नवरा-नवरी दोघांच्या नावानं वर्तमानपत्रांत लग्नाच्या जाहिराती येऊ लागल्या. मुलीचं नाव, जे एकेकाळी दूत पाठवून विचारावं लागे, ते आता सकाळच्या पेपरात छापून येऊ लागलं. १ डिसेंबर १९२७ रोजी शांघायमध्ये च्यांग कै-शेक आणि सुंग मै-लिंग यांचं लग्न झालं. मॅजेस्टिक हॉटेलातल्या त्या समारंभाला तेराशेच्या आसपास माणसं होती. दुसरीकडे, खर्चाला आळा बसावा म्हणून ३ एप्रिल १९३५ रोजी त्याच शांघायमध्ये ५७ जोडप्यांचं सामुदायिक लग्न लावण्यात आलं. एकाच शहरात आठ वर्षांच्या अंतरानं ही दोन टोकं दिसली.

मग आला १ मे १९५०. नव्या कम्युनिस्ट राजवटीनं विवाह कायदा लागू केला. जबरदस्तीची लग्नं बंद झाली आणि मुलीच्या मोबदल्यात पैसा वा वस्तू मागायला मनाई झाली. मुलामुलीनं स्वतः कचेरीत हजर राहून नोंदणी करायची, असं ठरलं. बाप बोलत होता त्या जागी आता सरकार बोलू लागलं. पत्रिका आक्रसली. कारखान्यातल्या सोबत्यांना मूठभर गोळ्या नि सिगारेटी वाटल्या की तेच बोलावणं आणि तीच मेजवानी. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तर विवाहाच्या दाखल्यावर माओंची वचनं छापली जात आणि नवपरिणित जोडपं त्यांच्या तसबिरीपुढे वाकत असे. त्या काटकसरीच्या दिवसांत संसाराची चांगली सुरुवात म्हणजे ‘तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी’ वस्तू. सायकल, शिलाई मशीन आणि मनगटी घड्याळ या फिरणाऱ्या. आणि वाजणारी? तुम्ही आत्ता जो ऐकताय, तो रेडिओ!

१९७८ नंतर बाजार खुला झाला, हाती पैसा आला आणि लाल पत्रिकाही परतली. सोनेरी अक्षरं आली, जोडआनंदाचं चिन्ह आलं, पाहुणे पुन्हा गोल टेबलांवर मोजले जाऊ लागले. पण हा कागद आता एकटा येत नव्हता, त्याच्यामागे हिशेबही येत होता. पाहुण्यानं लाल पाकिटात पैसे घालून द्यायचे. रक्कम सम हवी, पण चारचा आकडा नको, कारण त्या भाषेत ‘चार’चा उच्चार ‘मरण’ या शब्दाच्या जवळ जातो. दारातच एक जण वही घेऊन बसतो आणि नाव नि रक्कम लिहून घेतो. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की ही वही उघडायची आणि त्या हिशेबानं परतफेड करायची. आपल्याकडची आहेराची वही आठवली ना? म्हणून तिथले लोक लग्नपत्रिकेला थट्टेनं ‘लाल बॉम्ब’ म्हणतात. टपालात दिसला की महिन्याचं गणित उडालंच!

आता तो बॉम्ब मोबाइलवर पडतो. पत्रिका पडद्यावर उलगडते, नकाशा दाखवते, आणि लाल पाकीटही २०१४ पासून फोनवरूनच पाठवता येतं. मात्र पत्रिकाच कमी झाल्या आहेत. २०१३ साली चीनमध्ये १ कोटी ३४ लाखांहून अधिक विवाहांची नोंद झाली होती. २०२४ मध्ये तो आकडा ६१ लाखांवर आला. घरांच्या किमती, नोकरीची धास्ती, मुलाकडून द्यावी लागणारी मोठी रक्कम आणि मुलींचं वाढलेलं शिक्षण, अशी अनेक कारणं त्यामागे आहेत. १९५० च्या कायद्यानं घालवू पाहिलेला रेशमाचा नजराणा रोख रकमेच्या रूपानं मागच्या दारानं पुन्हा आत आला आहे.

तरी एक गोष्ट पुढे गेली. लग्नाच्या नोंदणीला कुटुंबाचं नोंदणीपुस्तक लागत असे, आणि ते पुष्कळदा आईवडिलांच्या कपाटात असे. त्यांना लग्न पसंत नसेल, तर पुस्तक कपाटाबाहेर यायचंच नाही. १० मे २०२५ पासून ही अट गेली. ओळखपत्र दाखवा, आपल्या तोंडानं आपली माहिती सांगा, सही करा. नाव विचारायला आता दूत येत नाही. मुलगी स्वतःचं नाव स्वतः सांगते.

चिनी पत्रिकेच्या शेवटी पाहुण्याच्या येण्यासाठी एक शब्द असतो, ‘ग्वांगलिन’. शब्दशः अर्थ, उजेडाचं आगमन. तुम्ही याल ते उजेड घेऊन याल, असं यजमान म्हणतो. पाकिटातली रक्कम विसरून हा शब्द वाचावा. आणि पुढची पत्रिका हातात आली, मग ती गणपतीची असो वा ७८६ ची, तर बोलावणं कुणाच्या नावानं आहे ते जरूर बघावं. त्यात मुलीचं नाव मुलाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असेल, तर आहेर थोडा जास्त घालायला हरकत नाही.